खण: दोन खांबांमधल्या जागेपासून ओटीपर्यंत

पुण्याच्या पेठांमधील जुन्या भाडेपावत्यांवर 'दोन खण जागा' अशी नोंद सापडते आणि वाचणारा तिचा अर्थ दोन खोल्या असा लावतो. हा अर्थ पुरता बरोबर नाही, कारण खोलीला भिंती लागतात. खणाला दोन खांब पुरतात.

वाड्याच्या लाकडी बांधणीत दगडी उथळ्यावर (बैठकीवर) खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त म्हणजे लाकडी आधार, त्यावर तुळई म्हणजे आडवी तुळी आणि तिच्यावर कडीपाट म्हणजे लाकडी छत असा क्रम असतो. ओळीतल्या लगतच्या दोन खांबांमधली जागा म्हणजे खण आणि खांबांच्या दोन ओळींमधली जागा म्हणजे घई. त्यामुळे 'पाच खण, दोन घई' एवढे सांगितले की सुताराला सोप्याचा, म्हणजे वाड्यातल्या खांबांच्या खुल्या दालनाचा, आराखडा कळे: एका ओळीत खांब सहा, ओळी तीन. खण साधारणपणे पाच फुटांचा धरतात. पण हे गजासारखे ठरलेले माप नव्हे. मिळालेल्या सागाची लांबी आणि मालकाची ऐपत यांप्रमाणे ते वाड्यागणिक बदले. म्हणूनच जुन्या कागदातले खण प्रत्यक्ष जागा न मोजता चौरस फुटांत बसवणे धोक्याचे असते.

हाच आडवा खण पुढे उभाही मोजला गेला. लोकगीतांतली 'सातखणी माडी' सात मजल्यांची असते. लाकडी सामानात तो टेबलाचा ओढता कप्पा झाला आणि तिजोरीत चोरखण, म्हणजे लपवलेला कप्पा. (शेजारच्या कन्नडमध्ये दोन खांबांमधल्या जागेला 'अंकण' म्हणतात, आणि आज तोच शब्द वर्तमानपत्रातल्या सदरालाही चालतो.)

कापडातला खण वरवर वेगळा वाटतो, पण तिथेही मूळ कल्पना कडांनी बांधलेल्या तुकड्याचीच दिसते. बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड येथे हातमागावर दोन्ही बाजूंना काठ आणि मध्ये बारीक बुट्टी असलेले हे कापड सलग विणतात आणि एका चोळीपुरते तुकडे पाडून त्यांच्या त्रिकोणी घड्या घालतात. तो एकेक तुकडा म्हणजे खण. पुढे तुकड्याचे नाव कापडालाच चिकटले, इतके की आता सहावारी 'खणाची साडी' सर्रास विकली जाते, आणि त्यातली विसंगती कोणाला खटकत नाही. ओटीत मात्र आजही नारळासोबत साधे गिरणीचे ब्लाउजपीस ठेवले, तरी त्याला खणच म्हणतात.