लक्षद्वीपमधील लोकसभा निवडणूक

अरबी समुद्रातला लक्षद्वीप हा केंद्रशासित प्रदेश अख्खा मिळून लोकसभेचा एकच मतदारसंघ आहे आणि मतदारसंख्येने तो देशातला सर्वांत लहान. २०२४ मध्ये इथे जेमतेम ५८ हजार मतदार होते. मुंबई महापालिकेच्या एखाद्या प्रभागातही थोड्याफार फरकाने तेवढे भरतात. जमीन सुमारे ३२ चौ. किमी, बेटे ३६, वस्ती मात्र दहांवरच: कवरत्ती, अगत्ती, अमिनी, आंद्रोत, कदमत, किल्तान, चेतलत, बित्रा, कल्पेनी आणि दक्षिणेला एकटे पडलेले मिनिकॉय. आई-वडील दोघेही इथेच जन्मलेले असलेल्या मूळ बेटवासीयांना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, त्यामुळे जागाही त्या प्रवर्गासाठी राखीव आहे.

या प्रदेशाला विधानसभा नाही. कारभार केंद्राने नेमलेला प्रशासक पाहतो, खाली पंचायती असतात. म्हणजे आमदार नाही, मुख्यमंत्री नाही. दिल्लीत बोलायला निवडून पाठवता येतो तो एकच माणूस. २०२१ मध्ये प्रशासकांच्या नव्या नियमावल्यांच्या मसुद्यांवरून बेटांवर असंतोष उसळला, तेव्हाही संसदेत आवाज होता तो या एकाच खासदाराचा. मतदान ८० टक्क्यांच्या वर का जाते, याचे मोठे उत्तर इथेच असावे. २०१९ मध्ये ते ८५ टक्क्यांच्या घरात होते, २०२४ मध्ये ८४.

निवडणूक घेणे हे मुख्यतः समुद्र ओलांडण्याचे काम असते. विमानतळ एकट्या अगत्तीला; बाकीकडे जहाज, बोट किंवा हेलिकॉप्टर. मतदान यंत्रे आणि कर्मचारी तसेच जातात आणि यंत्रे मतमोजणीसाठी कवरत्तीला तशीच परततात. बित्रासारख्या बेटावर २०११ च्या जनगणनेत एकूण माणसेच २७१ होती, पण मतदान केंद्र तिथेही लागते. अलीकडच्या निवडणुका एप्रिलमध्ये, पावसाळ्यात समुद्र खवळण्याआधी झाल्या. मतदानाच्या दिवशी दारूची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश इथे बहुधा कोणाच्या लक्षातही येत नसेल, कारण वस्तीच्या बेटांवर बारमाही दारूबंदीच आहे.

प्रदेश १ नोव्हेंबर १९५६ रोजी अस्तित्वात आला, पण पहिली दहा वर्षे बेटवासीयांनी खासदार निवडलाच नाही. राष्ट्रपती सदस्य नेमत. १९५७ पासून के. नल्लकोया थंगल हे नियुक्त सदस्य होते. पहिली खरी निवडणूक १९६७ ची. आंद्रोतचे तरुण पी. एम. सईद अपक्ष म्हणून निवडून आले, पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि १९९९ पर्यंत ओळीने दहा वेळा जिंकले. १९७१ मध्ये तर त्यांच्यासमोर कोणी उभेच राहिले नाही. १९९८ ते २००४ ते लोकसभेचे उपाध्यक्ष होते. एवढ्या अनुभवी माणसाला अखेर हरवले ते ७१ मतांनी: २००४ मध्ये संयुक्त जनता दलाच्या पी. पूकुन्हीकोया यांना १५,५९७ मते पडली, सईद यांना १५,५२६. इथल्या मोजणीत चार-दोन कुटुंबांनी मत फिरवले तरी निकाल फिरू शकतो. २००९ मध्ये सईद यांचे २७ वर्षांचे चिरंजीव हमदुल्ला यांनी काँग्रेसची जागा परत मिळवली.

त्या निवडणुकीपासून महाराष्ट्रातला एक पक्ष इथे मुक्कामाला आला. पूकुन्हीकोया २००९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे लढून हरले. २०१४ मध्ये त्याच पक्षाचे मोहम्मद फैजल १,५३५ मतांनी आणि २०१९ मध्ये ८२३ मतांनी जिंकले. बारामतीचे घड्याळ नारळीच्या बागांत चालले खरे, पण लढत पक्षांपेक्षा सईद घराणे आणि त्याचे विरोधक अशीच राहिली.

हे वैर कोर्टातही पोचले. २००९ च्या निवडणुकीच्या काळात पी. एम. सईद यांच्या जावयावर झालेल्या हल्ल्याच्या प्रकरणात कवरत्तीच्या सत्र न्यायालयाने ११ जानेवारी २०२३ रोजी फैजल यांना खुनाच्या प्रयत्नाबद्दल दहा वर्षांची शिक्षा सुनावली. खासदारकी गेली आणि आठवडाभरातच पोटनिवडणूक जाहीर झाली. मग केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली, आयोगाने पोटनिवडणूक थांबवली आणि मार्चअखेर सदस्यत्व परत आले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे पाठवले, ऑक्टोबरमध्ये खासदारकी दुसऱ्यांदा गेली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशामुळे नोव्हेंबरमध्ये पुन्हा मिळाली. अकरा महिन्यांत बेटांचा एकुलता एक खासदार दोनदा गेला आणि दोनदा आला.

१९ एप्रिल २०२४ च्या मतदानात यंत्रावर चारच नावे होती, पाचवे बटण ‘नोटा’चे. हमदुल्ला सईद यांना २५,७२६ मते पडली, तर पक्षफुटीनंतर शरद पवारांसोबत राहिलेल्या फैजल यांना २३,०७९; फरक २,६४७. अजित पवारांच्या पक्षानेही उमेदवार दिला होता आणि भाजपने स्वतः न लढता त्याला पाठिंबा दिला होता. महाराष्ट्रात ज्या फुटीने घरे दुभंगली, तिचा लक्षद्वीपमधला हिशेब २०१ मतांत आटोपला. ‘नोटा’ला १३३ मते होती, उरलेल्या अपक्षाला ६१.