एका जहाजावरची १,३३७ घड्याळं

‘चौदा दिवस लोकांना खोल्यांत कोंडून ठेवलं, तरी ७१२ जणांना कोरोना झालाच, मग क्वारंटाइनचा उपयोग काय?’ डायमंड प्रिन्सेस या पर्यटक जहाजाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. वाक्यातला आकडा बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. त्या ७१२ पैकी किती जणांना संसर्ग क्वारंटाइनच्या आधी झाला आणि किती जणांना नंतर, हे विचारल्याशिवाय या आकड्याला फारसा अर्थ नाही.

घटनाक्रम थोडक्यात असा. जहाज २० जानेवारी २०२० रोजी जपानमधल्या योकोहामाहून निघालं. २५ जानेवारीला हाँगकाँगला उतरलेला एक प्रवासी १ फेब्रुवारीला बाधित असल्याचं कळलं. जहाज ३ तारखेला योकोहामाला परतलं. पहिल्या ३१ तपासण्यांपैकी १० पॉझिटिव्ह आल्या आणि ५ फेब्रुवारीला प्रवाशांना केबिनमध्येच राहायला सांगण्यात आलं. तेव्हा जहाजावर ३,७११ माणसं होती : २,६६६ प्रवासी आणि १,०४५ कर्मचारी. मुदत १९ फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे बाधित प्रवासी उतरून गेल्यावरही जवळपास दीड आठवडा बुफे, नाच-गाणी, पत्त्यांचे डाव हे सगळं नेहमीसारखं चालू होतं.

आता चौदा दिवसच का, याकडे येऊ. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याला अधिशयन काळ म्हणतात. २०२० च्या सुरुवातीच्या कोरोनासाठी त्याचा मध्यक सुमारे ५.१ दिवस होता. म्हणजे लक्षणं येणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती तेवढ्या दिवसांत आली, निम्म्यांना नंतर. ज्यांना लक्षणं येणार त्यांच्यापैकी ९७.५ टक्के लोकांना ती ११.५ दिवसांच्या आत येतात. चौदा दिवस उलटल्यावर लक्षणं येण्याची शक्यता, अगदी सावधपणे हिशेब केला तरी, दहा हजारांत १०१ जणांची.

मध्यक पाच आणि आलेखाचं शेपूट मात्र चौदाच्याही पुढे, हा एकतर्फी आकार योगायोगाने आलेला नाही. विषाणू बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. एकाच्या शरीरात सुरुवातीला थोडे कण गेले, दुसऱ्याच्या शरीरात बरेच. एकाची प्रतिकारशक्ती वाढीचा वेग जरा कमी करते, दुसऱ्याची करत नाही. असे छोटे फरक एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात. त्यामुळे दिवसांचा आलेख घंटेसारखा सममित न येता उजवीकडे ओढलेला येतो. दिवसांऐवजी दिवसांचा लॉगॅरिदम घेतला की तोच आलेख पुन्हा घंटेसारखा दिसतो. म्हणून याला लॉग-नॉर्मल वितरण म्हणतात. अमेरिकी साथरोगतज्ज्ञ फिलिप सार्टवेल यांनी १९५० मध्ये वेगवेगळ्या संसर्गांसाठी हे दाखवून दिलं होतं. वापर सोपा आहे : ‘अधिक-उणे’ करायचं नाही, ‘गुणिले-भागिले’ करायचं. इथे तो गुणक सुमारे दीड आहे. ५.१ ला दीडने भागलं आणि गुणलं की साधारण ३.४ ते ७.७ दिवस मिळतात. यात दोन-तृतीयांश लोक येतात. तीच क्रिया दोनदा केली की सव्वादोन ते साडेअकरा दिवस. यात ९५ टक्के. सातव्या दिवशी रुग्णांचा मोठा भाग समोर आलेला असतो, तरी पाचातला एक अजून बाकी असतो. दुसरा आठवडा लागतो तो या शेवटच्या थोड्या लोकांसाठी.

याच आलेखातून जहाजावरचा हिशेब सुटतो. समजा ५ फेब्रुवारीला दुपारी संसर्ग पूर्णपणे थांबला. तरी ३ आणि ४ तारखेला बाधित झालेल्यांना लक्षणं ८-९ तारखेच्या सुमारास येणार आणि काहींना १५-१६ ला. म्हणजे शंभर टक्के यशस्वी क्वारंटाइनमध्येसुद्धा पहिला आठवडाभर रुग्ण सापडत राहणारच.

बातम्यांत मात्र एकच आकडा यायचा : आजवर किती पॉझिटिव्ह. १० फेब्रुवारीला १३५, १३ ला २१८, १६ ला ३५५, १९ ला ६२१. पाहणाऱ्याला वाटणार, आग भडकत चालली आहे. पण हा आलेख अहवालाच्या तारखेचा आहे. सुरुवातीला रोज थोडेच नमुने तपासता येत होते, म्हणून आधी लक्षणं असलेले आणि त्यांच्या संपर्कातले, मग सर्वांत वयस्कर प्रवासी, मग उतरत्या वयाने बाकीचे, असा क्रम लावला होता. तपासण्यांची क्षमता वाढली तसे आकडे वाढले. २० फेब्रुवारीपर्यंत ३,०६३ तपासण्यांत ६३४ पॉझिटिव्ह निघाले आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना तपासणीच्या वेळी काहीही लक्षणं नव्हती. हेच रुग्ण अहवालाऐवजी लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेने मांडले, की शिखर ७ फेब्रुवारीच्या आसपास येतं आणि मग आलेख उतरतो. म्हणजे बहुतेक प्रवाशांना संसर्ग दारं बंद होण्याआधीच झालेला होता. एका गणिती प्रारूपाचा अंदाज असा, की काहीच केलं नसतं तर १९ फेब्रुवारीपर्यंत २,९२० जण बाधित झाले असते. त्याच प्रारूपानुसार ३ तारखेलाच सगळ्यांना उतरवलं असतं, तर आकडा ७६ वर थांबला असता. प्रारूपाचे आकडे प्रत्यक्ष मोजणीइतके पक्के नसतात, पण दिशा स्पष्ट आहे : क्वारंटाइनचा उपयोग झाला, जहाज ही जागा मात्र चुकीची होती.

चुकीची का? क्वारंटाइनची मोजणी ‘शेवटच्या संपर्कापासून’ होते. भिंतीवरची तारीख सगळ्यांना एकच असली, तरी दिवस शून्य प्रत्येकाचा वेगळा. डायमंड प्रिन्सेसवर प्रवाशांच्या १,३३७ केबिन होत्या, म्हणजे तेवढी घड्याळं. आणि ती मध्येच शून्यावर येत होती.

एक केबिन घ्या, आत नवरा-बायको. नवऱ्याला ४ तारखेला बुफेत संसर्ग झाला. ९ ला त्याला ताप आला. हा विषाणू लक्षणांच्या साधारण दोन दिवस आधीपासून पसरतो, म्हणजे ७ तारखेपासून बायको धोक्यात. नमुना १० ला घेतला, अहवाल ११ ला आला, त्याच दिवशी त्याला रुग्णालयात हलवलं. बायकोचा शेवटचा संपर्क ११ तारखेचा, म्हणून तिचे चौदा दिवस २५ ला संपतात, १९ ला नाही. केबिनमध्ये चौघं असतील तर हे घड्याळ दोनदा, तीनदाही मागे जाऊ शकतं.

खोलीत माणसं जास्त तसा धोका किती वाढतो, हेही बघता येतं. समजा सुरुवातीला दर शंभर प्रवाशांत ५ बाधित आहेत. एकट्या राहणाऱ्याला आतून धोका शून्य. दोघांच्या खोलीतल्या निरोगी माणसाचा जोडीदार बाधित असण्याची शक्यता ५ टक्के. चौघांच्या खोलीत, उरलेल्या तिघांपैकी निदान एक बाधित असण्याची शक्यता १ वजा ०.९५ चा घन, म्हणजे १४ टक्क्यांहून थोडी जास्त. प्रत्यक्षात एका खोलीतली माणसं जेवायला-फिरायलाही बरोबरच असतात, त्यामुळे हे गणित तंतोतंत लागू पडत नाही.

कर्मचाऱ्यांचं घड्याळ तर सुरूच झालं नव्हतं. दोन हजारांहून अधिक प्रवाशांना तीन वेळचं जेवण दारात पोचवायचं, तर कोणीतरी स्वयंपाकघरात आणि मार्गिकांत हवंच. ही माणसं खालच्या डेकवर वाटून घेतलेल्या खोल्यांत झोपत होती आणि एकाच मेसमध्ये जेवत होती. ९ फेब्रुवारीपर्यंत बाधित आढळलेल्या २० कर्मचाऱ्यांपैकी १५ खानपान विभागातले होते आणि १६ जणांच्या खोल्या एकाच डेकवर, तिसऱ्या. प्रवाशांच्या क्वारंटाइनचा भार असा क्वारंटाइन नसलेल्या माणसांवर होता. याबद्दल तेव्हा जितकं बोललं गेलं त्याहून जास्त बोलायला हवं होतं.

‘चाचणी निगेटिव्ह आली की झालं’ हा समजही इथेच मोडतो. आरटी-पीसीआर घशातला विषाणू शोधते. तो अजून पुरेसा वाढलाच नसेल तर सापडणार कुठून? संसर्गानंतर पहिल्या दिवशी चाचणी जवळजवळ नेहमीच निगेटिव्ह येते. चौथ्या दिवशीही शंभर बाधितांपैकी सुमारे ६७ सुटतात, लक्षणं येतात त्या दिवशी ३८, आणि आठव्या दिवशी २०. त्यामुळे एक निगेटिव्ह अहवाल घड्याळ थांबवत नाही.

जाता जाता एक गोष्ट. कापराची पुरचुंडी, लसूण, कसल्याशा गोळ्या, ‘आमच्याकडे घेतलेल्या ८० टक्के लोकांना काही झालं नाही’ असे दावे त्या काळात पुष्कळ फिरले. डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ पैकी ७१२ बाधित झाले, म्हणजे ८१ टक्के लोक काहीच न घेता वाचले. तिथे सगळ्यांच्या गळ्यात ताईत बांधला असता, तर त्यालाही ८१ टक्के यश मिळालं असतं. न घेणाऱ्यांचा गट शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय अशा टक्केवारीला किंमत नाही.

एसीच्या नळ्यांचं काय? हवेतल्या सूक्ष्म कणांतून संसर्ग झाला, यावर अभ्यासकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. पण तो मुख्यतः एकाच खोलीत, एकाच सभागृहात. नळ्यांतून लांबच्या केबिनमध्ये गेल्याचा भक्कम पुरावा नाही. बाधितांनी सोडलेल्या केबिनमध्ये, निर्जंतुकीकरणाआधी, १७ दिवसांनंतरही विषाणूचं आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडलं, ही बातमी तेव्हा खूप गाजली. आरएनए म्हणजे जिवंत विषाणू नव्हे. जपानी पथकाने ६०१ नमुने घेतले, त्यांतल्या ५८ मध्ये आरएनए होतं. सर्वांत जास्त वेळा कमोडभोवतीच्या फरशीवर आणि उशीवर. जिवंत विषाणू एकाही नमुन्यातून वाढवता आला नाही.

केबिनमध्ये अडकलेल्यांनी करायच्या गोष्टी यातूनच ठरतात. ताप सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी मोजून तारखेसह लिहायचा. जहाजावर थर्मामीटर वाटले होते आणि ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास कळवायचं होतं. पॅरासिटामॉल घेतली असेल तर ताप चार ते सहा तास दबलेला असतो, म्हणून आधी मोजायचा, मग गोळी. गरम अंघोळ किंवा चहानंतर अर्धा तास थांबायचं. नेमकी चूक होते ती इथेच : सकाळी डोकेदुखीसाठी गोळी, नऊ वाजता मोजलेला ताप ‘नॉर्मल’, आणि एक दिवस हातचा जातो. तोच दिवस जोडीदाराच्या घड्याळात भरतो.

मास्क उतरतो जेवताना, म्हणून दोघांनी एकाच वेळी जेवायचं नाही. झोपताना डोकी विरुद्ध दिशांना. टॉवेल आणि उशा वेगळ्या. न्हाणीघरातला पंखा हवा बाहेर खेचतो, तो बंद पडला असेल तर लगेच कळवायचं. कमोडचं झाकण लावून मगच फ्लश, आणि नंतर दार लोटून घ्यायचं. बाल्कनी असेल तर दार उघडावं, पण ते उघडं असताना मार्गिकेकडचं दार उघडायचं नाही. वारा खोलीतली हवा सरळ बाहेर, जेवण घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर ढकलतो. आधी बाल्कनी बंद, मग मास्क, मग दार. खिडकी नसलेल्या आतल्या केबिनमध्ये सकाळी सगळे दिवे लावायचे आणि रात्री ठरल्या वेळी सगळे घालवायचे, नाहीतर झोपेचं चक्र बिघडतं. दर तासाला पाच मिनिटं उभं राहून टाचा वर-खाली, पायातल्या रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी. वयस्कर प्रवाशांचा मोठा प्रश्न असतो रोजच्या औषधांचा. यादीत ब्रँडचं नाव उपयोगाचं नाही, दुसऱ्या देशात ते कोणी ओळखत नाही. मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, एवढं हवं.

आणि हे सगळं कोरोनाच्या घड्याळाचं झालं. जहाजांवर नेहमी थैमान घालणारा नोरोव्हायरस वेगळा : अधिशयन काळ १२ ते ४८ तास, उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान ४८ तास वेगळं राहावं लागतं, आणि त्याला चरबीचं आवरण नसल्याने अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं लागू पडत नाही. तिथे साबण-पाणी आणि क्लोरीन.

१९ फेब्रुवारीपासून निगेटिव्ह प्रवासी उतरू लागले. त्यांतल्या २३ जणांची क्वारंटाइनच्या काळात तपासणीच राहून गेल्याचं जपानच्या आरोग्य खात्याला नंतर मान्य करावं लागलं. उतरलेल्यांपैकी काही जण पुढे पॉझिटिव्ह निघाले. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाने आपापल्या नागरिकांना घरी नेल्यावर जहाजावरचे दिवस धरले नाहीत, पुन्हा पूर्ण चौदा दिवस मोजले. भारतानेही तेच केलं. जहाजावर १३८ भारतीय होते, त्यांतले १३२ कर्मचारी. बाधित झालेले १६ जण जपानमध्येच उपचार घेत राहिले आणि ११९ जण २७ फेब्रुवारीला दिल्लीला पोचले. तिथून त्यांना मानेसरच्या लष्करी केंद्रात नेण्यात आलं. त्यांतले बहुतेक जण कर्मचारी होते. त्यांच्या चौदा दिवसांतला पहिला दिवस तिथे मोजला गेला.