शाळा सुटल्यावर काय? ‘एस’ आणि ‘युरी’ यांतला फरक

शाळेच्या आवारात मेरीमातेचा पुतळा आहे. सकाळची वेळ. वरच्या वर्गातली एक देखणी, खानदानी मुलगी खालच्या वर्गातल्या मुलीला हाक मारून थांबवते आणि तिच्या गणवेशाचा विस्कटलेला टाय स्वतःच्या हाताने नीट करते. धाकटीच्या काळजाचा ठोका चुकतो. ‘मारिया-सामा गा मितेरु’ या कादंबरीमालेची ही सुरुवात. कोन्नो ओयुकी यांची ही माला १९९८ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली, २००४ मध्ये तिच्यावर ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, निघाली, आणि तेव्हापासून ती पाहणाऱ्यांत एक वाद चालू आहे: ही युरी म्हणायची का?

युरी म्हणजे बायकाबायकांतल्या प्रेमाच्या जपानी गोष्टी. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, ॲनिमे, कादंबऱ्या, सगळं त्यात आलं. एक गट म्हणतो, हो, ही तर युरीची महाराणी. दुसरा म्हणतो, छे, हे ‘एस’ आहे, त्याला ‘क्लास एस’ही म्हणतात, आणि ते युरीच्या कितीतरी आधीचं. आपल्याकडे सबटायटल लावून ॲनिमे पाहणाऱ्यांचा तर आणखीच गोंधळ होतो, कारण पडद्यावर दोन्हींत तेच दिसतं: दोन मुली, शाळेचा गणवेश, गळ्यात गळा, थरथरत्या हातांनी दिलेलं पत्र.

फरक ओळखायला लोक सहसा स्पर्श मोजतात. चुंबन झालं तर युरी, हातात हात एवढ्यावर भागलं तर एस. हे माप मला पटत नाही. एसमध्येही चुंबनं आहेत, आणि अख्ख्या गोष्टीत बोटाला बोट न लावणारी युरीही आहे. खरा फरक काळाचा आहे. शाळा संपल्यावर या दोघींचं काय होणार, हा प्रश्न एसमध्ये कुणी विचारत नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं असतं. युरीमध्ये तो विचारावाच लागतो.

एस हे ‘सिस्टर’चं आद्याक्षर. ही रीत पुस्तकांतून शाळेत आली नाही, शाळेतून पुस्तकांत गेली. १८९९ साली जपान सरकारने मुलींच्या उच्च शाळांचा कायदा केला आणि प्रत्येक प्रांतात निदान एक तरी अशी शाळा असली पाहिजे, असं ठरलं. बऱ्या घरच्या, बारा-तेरा वर्षांपासून सोळा-सतरापर्यंतच्या मुली एका छताखाली आल्या. शिक्षणाचा हेतू सरकारने लपवला नव्हता: ‘र्योसाई केंबो’, म्हणजे चांगली बायको आणि शहाणी आई घडवणं. मुलग्यांशी बोलणं म्हणजे बदनामी. मग सगळा जीव लावायचा कुणावर? वरच्या वर्गातल्या एका ताईवर. एक थोरली, एक धाकटी, आणि एकीला एकच, असा अलिखित नियम होता. बुटांच्या कप्प्यात गुपचूप पत्र ठेवायचं, सारख्या रिबिनी बांधायच्या, थोरलीला ‘ओनेसामा’, म्हणजे ताईसाहेब, म्हणायचं. तिसरी कुणी मध्ये आली की रडारड व्हायची. मोठी माणसं याकडे काणाडोळा करत, कारण त्यांच्या हिशेबात हा वयाचा भाग होता. पदवीदान झालं, स्थळ आलं, की संपलं.

हा काणाडोळा अगदीच निर्धास्त नव्हता. १९११ साली टोकियोतल्या एका कन्याशाळेतून बाहेर पडलेल्या दोन तरुणींनी निइगाताच्या किनाऱ्यावर एकत्र समुद्रात जीव दिला आणि वर्तमानपत्रांत चर्चेचा धुरळा उठला. मुलींची जवळीक कुठवर निरागस मानायची आणि कुठून पुढे रोग, यावर डॉक्टरांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी रकाने भरले. तेव्हा काढलेली सीमारेषा पुढे बरीच वर्षं टिकली: कोवळी, तात्पुरती, दोघीही ‘बायकी’ असलेली जवळीक चालेल, एकीने पुरुषी वागायचं किंवा हे आयुष्यभर चालवायचं म्हटलं की नाही चालणार.

या वातावरणाला भाषा दिली योशिया नोबुको यांनी. १८९६ चा जन्म. १९१६ पासून त्या ‘शोजो गाहो’ या मुलींच्या मासिकात ‘हाना मोनोगातारी’, म्हणजे फुलांच्या गोष्टी, लिहू लागल्या. अशा ५२ गोष्टी झाल्या आणि प्रत्येकीला एका फुलाचं नाव. वसतिगृहाची खिडकी, संध्याकाळ, पियानो, दुरून पाहिलेली कुणी एक, आणि शेवटी ताटातूट. वाक्यं अर्ध्यावर सोडलेली, टिंबाटिंबांनी भरलेली. आज वाचताना साखर जरा जास्त झाल्यासारखं वाटेल, पण लाखो मुलींनी ही शैली आपल्या पत्रांत उतरवून घेतली. पुढे १९३७-३८ मध्ये ‘शोजो नो तोमो’ मासिकात ‘ओतोमे नो मिनातो’ ही एसची सर्वांत गाजलेली कादंबरी क्रमशः आली. योकोहामाच्या मिशनरी शाळेत आलेली एक नवी मुलगी आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्या दोन थोरल्या. वर नाव होतं कावाबाता यासुनारींचं, तेच १९६८ चे नोबेलवाले. पण तिचा बराचसा मजकूर नाकाझातो त्सुनेको या तरुण लेखिकेने लिहिला होता, जी पुढे आकुतागावा हा जपानमधला मानाचा साहित्यपुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री ठरली. मुलींच्या जगाची एवढी बारीक माहिती कावाबातांना कुठून, याचं उत्तर त्यात आहे.

मग युद्ध आलं. मोठमोठ्या डोळ्यांच्या उदास मुली काढणाऱ्या नाकाहारा जुनइचींची चित्रं १९४० मध्ये ‘शोजो नो तोमो’तून काढून टाकायला लावली गेली, देश लढत असताना असल्या हळव्या गोष्टी सरकारला नको होत्या. युद्धानंतर १९४७ च्या शिक्षणसुधारणेने मुलंमुली एका वर्गात आली आणि एसच्या पायाखालची जमीनच सरकली. मुलीने मुलाच्या प्रेमात पडणं आता मासिकांना चालू लागलं होतं.

इथे योशियांचं स्वतःचं आयुष्य आडवं येतं, आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. ज्या लेखिकेने ताटातुटीच्या गोष्टी लिहून नाव कमावलं, तिची स्वतःची ताटातूट झाली नाही. १९२३ मध्ये त्यांची ओळख मोनमा चियो या गणिताच्या शिक्षिकेशी झाली आणि १९७३ मध्ये योशिया वारल्या तोपर्यंत दोघी सोबत राहिल्या. लग्न करणं कायद्यात बसत नव्हतं, म्हणून १९५७ मध्ये योशियांनी चियोंना चक्क दत्तक घेतलं. त्यांच्या ‘यानेउरा नो निशोजो’ या सुरुवातीच्या कादंबरीतही वसतिगृहाच्या माळ्यावरच्या खोलीत राहणाऱ्या दोघी शेवटी एकमेकींना सोडत नाहीत, वसतिगृह सोडतात. माझ्या मापाने ही युरीच झाली, तो शब्द जन्मायच्या पन्नासेक वर्षं आधी. म्हणजे लेखिका एसची, मासिकं एसची, वाचक एसचे, पण कुंपणात फट पहिल्यापासून होती.

युरीचा रस्ता वेगळा. युरी म्हणजे लिली. १९७६ साली ‘बाराझोकु’ या समलिंगी पुरुषांच्या मासिकाचे संपादक इतो बुनगाकु यांनी बायकांच्या पत्रांसाठी एक सदर सुरू केलं आणि त्याला ‘युरीझोकु’, लिलीची जमात, असं नाव दिलं. पुरुषांसाठी गुलाब, तर बायकांसाठी लिली. म्हणजे हे नाव मुळात गोष्टींचं नव्हतंच. ते हाडामांसाच्या बायकांसाठी होतं आणि दिलं एका पुरुषाने. गोष्टींना ते नंतर चिकटलं.

गोष्टी मात्र त्याच्या आधीपासून होत्या. यामागिशी र्योको यांची ‘शिरोई हेया नो फुतारी’ १९७१ मध्ये आली आणि बहुतेक जण तिलाच पहिली युरी मांगा मानतात. फ्रान्समधली निवासी शाळा, रेझीन आणि सिमोन अशा दोघी, एका खोलीत. नाटकात दोघी रोमिओ-ज्युलिएट होतात, नंतर कुजबुज सुरू होते, रेझीन घाबरून पळ काढते आणि सिमोन मरते. सत्तरच्या दशकातल्या अशा गोष्टींचा शेवट बहुतेक वेळा मरणातच होई. वरवर पाहता हा एसपेक्षाही वाईट शेवट. पण एक गोष्ट बदलली होती. एसमधल्या मुली रडून लग्नाच्या बोहल्यावर चढत आणि कथेला त्यात काही चूक दिसत नसे. इथे मात्र दोघींना एकत्र राहायचं असतं, जग राहू देत नाही, आणि वाचकाला त्याचा राग यावा अशीच मांडणी असते.

नव्वदच्या दशकात ‘सेलर मून’ या लोकप्रिय ॲनिमेमधल्या हारुका आणि मिचिरु सरळसरळ जोडपं म्हणून वावरल्या. अमेरिकी डबिंगने त्यांना चुलत बहिणी करून टाकलं, त्यामुळे प्रकरण अधिकच विचित्र दिसू लागलं. २००३ मध्ये ‘युरी शिमाई’ हे फक्त अशाच गोष्टींचं मासिक निघालं, ते फार टिकलं नाही, पण २००५ मध्ये आलेलं ‘कॉमिक युरी हिमे’ टिकलं. मासिक मिळालं तसा युरी हा रीतसर साहित्यप्रकार झाला. वाचक म्हणाल तर बाया आणि पुरुष दोन्ही, आणि इथेही एसपासून फरक पडतो, कारण एस हा मुख्यतः मुलींसाठीच चाललेला कारभार होता.

आता ‘मारिया-सामा’कडे वळू. गोष्ट आजच्या काळातली, पण लिलियन नावाच्या त्या कन्याशाळेत थोरली धाकटीला जपमाळ देते आणि दोघी बहिणी होतात. ही सरळ एसची प्रथा, कोन्नोबाईंनी साठ वर्षांनी झटकून पुसून वापरात आणलेली. युमी आणि साचिको या मुख्य जोडीत मला तरी प्रेमिका दिसत नाहीत. पण त्याच मालेत सातो सेई नावाची एक थोरली आहे आणि ती शिओरी या मुलीवर खरोखर प्रेम करते. जपमाळेची व्यवस्था या प्रेमाला पुरत नाही. दोघी पळून जायचं ठरवतात, सेई स्टेशनवर वाट पाहत बसते, शिओरी येत नाही. एकाच शाळेत, एकाच मेरीच्या डोळ्यांदेखत, एक जोडी एसमध्ये मावते आणि एक मावत नाही. मालेतला सगळ्यात चांगला भाग हाच, हे माझं मत बऱ्याच चाहत्यांना आवडत नाही.

दोन्ही एकमेकांवर आदळलेले पाहायचे असतील तर नाकातानी निओ यांची ‘यागाते किमी नि नारु’ वाचावी. २०१५ ते २०१९ अशी ती चालली, २०१८ मध्ये ॲनिमे आली. तिच्यात सायाका नावाची हुशार, मोजकं बोलणारी मुलगी आहे. आधीच्या कन्याशाळेत वरच्या वर्गातल्या मुलीने स्वतःहून येऊन तिला मागणी घातलेली असते, आणि पुढच्या इयत्तेत गेल्यावर तीच हात झटकते: आता आपण लहान नाही, असले खेळ पुरे. थोरलीच्या डोक्यात ते एस होतं. सायाकाच्या डोक्यात ते प्रेम होतं. पुढे ती थोरली रस्त्यात भेटते आणि आपल्यामुळे ही पोर भलत्या वाटेला लागली नसेल ना, अशा काळजीने माफी मागते. सायाका शांतपणे शेजारी उभ्या असलेल्या तोको या मैत्रिणीच्या हातात हात अडकवते. शंभर वर्षांच्या त्या ‘वयाचा भाग’ या समजुतीला इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

शिमुरा ताकाको यांच्या ‘आओई हाना’मध्ये कामाकुराची तीच कन्याशाळा, तीच नाटकं, तीच थोरल्यांची भक्ती आहे, पण फुमी आपल्या मैत्रिणीला साध्या शब्दांत सांगते की मला मुली आवडतात. एसमधली कुणी मुलगी असं म्हणत नाही. तिला एक विशिष्ट ताई आवडत असते, बाकी मला काय आवडतं हा विचारच तिला करावा लागत नाही. आणि अलीकडे तर युरी शाळेतूनही बाहेर पडली. युझाकी साकाओमी यांच्या ‘त्सुकुरिताई ओन्ना तो ताबेताई ओन्ना’मध्ये दोघी नोकरदार, एकाच इमारतीत राहणाऱ्या. एकीला ढीगभर रांधायला आवडतं, दुसरीला पोटभर खायला. २०२२ मध्ये एनएचके या सार्वजनिक वाहिनीने त्यावर मालिका काढली.

जाता जाता इंटरनेटवरच्या एका गैरसमजाबद्दल. सोज्वळ ते ‘शोजो-आय’ आणि उघडंवाघडं ते ‘युरी’ अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. ती पाश्चात्त्य चाहत्यांनी केलेली आहे. जपानमध्ये हळुवारापासून धीटापर्यंत सगळ्याला युरीच म्हणतात, आणि सैल अर्थाने एसही त्यातच घालतात. त्यामुळे जपानी दुकानदाराने ‘मारिया-सामा’ युरीच्या फळीवर ठेवली तर त्याचं चुकलं असं नाही.

कधीकधी गोष्ट स्वतःचं उत्तर देऊन मोकळी होते आणि ते उच्चारायला मालकच कचरतात. ‘गंडम’ या यंत्रमानवांच्या जुन्या मालिकांच्या घराण्यातली ‘द विच फ्रॉम मर्क्युरी’ ही मालिका २०२२-२३ मध्ये आली. शाळा आहे, दोन नायिका आहेत, आणि पहिल्याच भागात सुलेत्ता द्वंद्व जिंकून मिओरिनेची वाग्दत्त ठरते. ती गोंधळते तेव्हा मिओरिने तिला सांगते की इथे यात नवल काही नाही, तुमचा बुध ग्रह फारच जुन्या वळणाचा दिसतो. शेवटच्या भागात तीन वर्षं लोटली आहेत आणि दोघींच्या बोटांत अंगठ्या आहेत. माझ्या मापाने इथे वादाला जागाच उरत नाही. तरीही ‘गंडम एस’ (हा ‘एस’ म्हणजे इंग्रजी ace, एक्का) या मासिकातल्या मुलाखतीत एका आवाज-कलाकाराच्या तोंडी या दोघींचं ‘लग्न’ आलं, तेव्हा डिजिटल आवृत्तीतून तो शब्द काढला गेला आणि निर्मात्यांनी कळवलं की याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावावा. चाहत्यांनी समाजमाध्यमांवर अंगठ्यांची चित्रं टाकून तो लगेच लावला.