कर्ण्यातली बेसी, माइकवरची बेसी

अमेरिकेतली ब्लूज (कृष्णवर्णीयांच्या दुःखगीतांचा प्रकार) गायिका बेसी स्मिथने १९२३ ते १९३३ या काळात सुमारे १६० गाणी ध्वनिमुद्रित केली. ती ओळीने ऐकायला बसलं की अनेकांचा समज होतो, की सुरुवातीला हिचा आवाज कोंडलेला होता आणि पुढे तो मोकळा झाला. मलाही आधी तसंच वाटायचं. पण मधे बदललं ते यंत्र.

फेब्रुवारी १९२३ मध्ये ‘डाउनहार्टेड ब्लूज’ गाताना तिच्यासमोर माइक नव्हता, कर्णा होता. गाण्याच्या जोरानेच कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. विजेचा संबंधच नाही. त्यात खर्जाचा भार गळून जातो, ‘स’ची धारही बोथट होते, उरतो तो मधला पट्टा. नाजूक गळ्याची गायिका इथे निम्मी हरवायची. बेसी तंबूतल्या खेळांमधून आलेली, शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या दमावर पोचणारी, म्हणून ती कर्ण्यालाही पुरून उरली.

जानेवारी १९२५ चं ‘सेंट लुइस ब्लूज’ कर्ण्यातलंच आहे, आणि माझ्या मते सगळ्या संग्रहाचा तो कळस. ओळ संपते न संपते तोच जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) उत्तर देतं, आणि खाली फ्रेड लाँगशॉ चक्क हार्मोनियमवर. पियानोचा सूर वाजला की विरतो, पेटीचा मात्र भरून राहतो. नाट्यपदांवर पोसलेल्या कानाला तिची ती संथ, लांबलेली ओळ लगेच जवळची वाटते.

मे १९२५ मध्ये ती माइकसमोर गायली. आता आवाजाची वीज होते, ती वाढवली जाते आणि मग तबकडी कोरली जाते. कर्ण्याची झेप वरच्या बाजूला साधारण अडीच हजार हर्ट्झपर्यंत (सेकंदाला तितकी कंपनं), ती दुपटीच्या आसपास गेली. १९२७ चं ‘बॅकवॉटर ब्लूज’ पुराचं गाणं आहे. त्यात पियानोवादक जेम्स पी. जॉन्सनचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर पाण्यासारखा घुमतो, तो ऐकू येतो माइकमुळे. १९२९ च्या ‘नोबडी नोज यू व्हेन यू आर डाउन अँड आउट’मध्ये तर शेवटाकडे ती काही शब्द सोडून तोंड मिटून नुसती गुणगुणते. तो हुंकार माइकने अगदी जवळून टिपला आहे.

खरखरीवरून मात्र कर्णा की माइक याचं निदान करू नका. ती तबकडीच्या झिजेची असते आणि दोन्हीकडे सापडते. उलट खरखर फार पुसून काढलेल्या प्रतींत आवाजाची धारही पुसली जाते. मला खरखरीसकटची प्रत आवडते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या आणि १९३० नंतरच्या तबकड्या शेजारी ठेवल्या तरी यंत्राचा फरक गळ्याचा वाटण्याचा हाच घोळ होतो.

गळा मुळीच बदलला नाही, असं नाही. १९२९ ची बेसी जास्त घोगरी आहे. पण तो बदल सावकाश झालेला. यंत्राचा बदल एका झटक्यात कळतो. जानेवारीचं ‘सेंट लुइस ब्लूज’ आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातलं ‘यलो डॉग ब्लूज’ लागोपाठ लावा. दोन्ही रचना डब्ल्यू. सी. हँडी यांच्या, गाणारी तीच, मधे चारच महिने. दुसऱ्यात साथीला मोठा ताफा आहे, तिकडे लक्ष देऊ नका; फक्त तिची व्यंजनं ऐका.