पोरो की रूफ? दुर्बीण घेण्यापूर्वी एवढं वाचा

"किंमत सारखीच, मग ही जाडजूड आणि ती सडपातळ, असं का?" काउंटरवर हा प्रश्न आम्हाला रोज ऐकायला मिळतो. फरक आहे तो पोटातल्या प्रिझमचा. पुढच्या भिंगातून आलेलं चित्र उलटं असतं, ते सुलटं करायचं काम प्रिझमचं.

रुंद खांद्यांची, मध्येच वळण घेतलेली ती पोरो. इग्नाझिओ पोरो या इटालियन गृहस्थाने १८५४ मध्ये तिच्या प्रिझमरचनेचं पेटंट घेतलं. आत प्रकाश चार वेळा वळतो, पण चारही वेळा काचच त्याला पूर्ण परत फिरवते. आरशासारखा मुलामा लागत नाही, म्हणून कमी पैशातही चित्र उजळ मिळतं. पुढची दोन भिंगं एकमेकांपासून लांब असल्याने झाडामागचं झाड वेगळं उठून दिसतं, तो फायदा वेगळाच.

सरळ नळ्यांची ती रूफ. तिच्या प्रिझमचा एक भाग घराच्या छपरासारखा दोन उतारांचा असतो. त्या उतारांवर प्रकाश दुभंगतो आणि पुन्हा जुळताना पाय जरा चुकतो. पिसांवरच्या बारीक रेषा पुसट होतात. त्यावर उपाय म्हणजे फेज कोटिंग. शिवाय बहुतेक रूफ दुर्बिणींत प्रिझमच्या एका बाजूला मुलामा लागतोच: साधा ॲल्युमिनियमचा, त्याहून बरा चांदीचा, सर्वांत उत्तम डायइलेक्ट्रिक. हे सगळं नीट करायला पैसे लागतात. म्हणून आमचं स्पष्ट मत: बजेट बेताचं असेल तर पोरोच घ्या. स्वस्त रूफ दिसायला देखणी, बाकी विशेष नाही. (हो, आम्हीही ती विकतो. विचारलंत तर खरं सांगतो.)

मात्र पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर फिरणार असाल, तर हिशेब बदलतो. साध्या पोरोत फोकस करताना मागचे आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, पुढे-मागे सरकतात, त्या फटीतून दमट हवा आत जाते आणि कपाटात पडून राहिली की बुरशी धरते. रूफचा फोकस आतल्या आत फिरतो, त्यामुळे ती पाणबंद करणं सोपं. अशा वेळी दोन पैसे जास्त मोजून फेज कोटिंगवाली, नायट्रोजन भरलेली रूफ घ्यावी.

खोक्यावर बीएके-४, म्हणजे प्रिझमची चांगली काच, असं लिहिलंय? पडताळून पाहा. दुर्बीण हातभर लांब, उजेडाकडे धरा आणि आयपीसमधलं प्रकाशाचं वर्तुळ बघा. पूर्ण गोल असेल तर ठीक. पोरोत त्याच्या कडा राखाडी, चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या, तर बहुधा आत हलकी बीके-७ काच आहे. ८×४२ मध्ये (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) हे वर्तुळ सव्वापाच मिलिमीटरचं असतं, म्हणजे ४२ भागिले ८. वर्तुळ मोठं, तर अंधुकात चित्र उजळ; पुण्याजवळच्या कवडीपाटला पहाटेच्या अंधुक उजेडात बदकं बघताना याच आकड्याचा उपयोग होतो.

घेण्याआधी दुर्बीण घेऊन आमच्या पायरीवर या आणि समोरच्या विजेच्या तारेकडे बघा. एकाच्या दोन तारा दिसल्या किंवा डोळे ओढल्यासारखे वाटले, तर दुसरी मागा. चष्मा असेल तर तो लावूनच बघा.