एक्स-पिंच क्ष-किरण स्रोत: मागणी नोंदवण्याआधी वाचा

चौकशीला येणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात: साधी क्ष-किरण ट्यूब असताना एक्स-पिंच, म्हणजे बारीक तारा विजेने फोडून क्षणभर क्ष-किरण देणारे यंत्र, कशाला? डिफ्रॅक्शनसाठी (किरणांच्या विखुरण्यावरून स्फटिकाची रचना पाहण्यासाठी) किंवा वेल्डिंगचे जोड तपासायला ट्यूबच घ्या, उगाच खर्च करू नका. पण फुटणारी तार किंवा प्लाझ्मा (विजेने तापून विद्युतभारित झालेला वायू) अशी क्षणात नाहीशी होणारी गोष्ट टिपायची असेल, तर ट्यूबचा झोत अपुरा पडतो.

आत काय घडते

केसापेक्षा बारीक दोन तारा (मॉलिब्डेनम, टंगस्टन किंवा टायटॅनियमच्या) निर्वात चेंबरमध्ये फुलीसारख्या टेकवून ताणतात. कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या घटकात) साठवलेली वीज सोडली की प्रवाह वाहतो आणि तो सुमारे 100 नॅनोसेकंदांत लाखभर अँपिअरच्या वर चढतो. तारांचा प्लाझ्मा होतो आणि प्रवाहाचेच चुंबकीय क्षेत्र त्याला आवळते. फुलीच्या मध्यावर काही मायक्रॉनचा ठिपका सुमारे एक कोटी अंशांपर्यंत तापतो आणि नॅनोसेकंदभर किंवा त्याहूनही कमी वेळ क्ष-किरण फेकतो. ठिपका इतका लहान, की भिंगाशिवाय सावली रेखीव पडते. फिल्म लांब सरकवली की प्रतिमा मोठी होते.

हे आवळणे, म्हणजेच पिंच, जुनेच. वीज पडून चिरडलेल्या तांब्याच्या पोकळ तडितरक्षक नळीचे कोडे ऑस्ट्रेलियात 1905 साली पोलॉक आणि बॅराक्लो यांनी याच बलाने उलगडले होते. एक्स-पिंच मात्र 1980 च्या दशकातली, मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेतली.

अडचणी

प्रत्येक शॉटला, म्हणजे एकेका स्फोटाला, तारांची नवी जोडी लागते, म्हणजे चेंबर उघडा, तारा लावा, पुन्हा पंप चालवा. शिवाय दोन शॉट हुबेहूब सारखे येत नाहीत, म्हणून क्ष-किरण मोजणाऱ्या डायोडची नोंद दर वेळी ठेवाच. भराभर शॉट हवे असतील तर निऑनवर चालणारा प्लाझ्मा फोकस (तारांऐवजी वायूचा प्लाझ्मा आवळणारे यंत्र) बरा. रेखीवपणा थोडा सोडावा लागेल.

सुरक्षितता

15 किलोव्होल्टला भरलेल्या 30 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटर बँकेत (एकत्र जोडलेल्या कपॅसिटरांच्या संचात) सुमारे 3.4 किलोज्यूल ऊर्जा असते. जीव जायला तिचा अंशही पुरतो. डिस्चार्ज केल्यावरही कपॅसिटरवर थोडा व्होल्टेज परत चढतो, त्यामुळे चेंबरला हात लावण्याआधी शॉर्टिंग रॉड (उरलेली वीज जमिनीत सोडणारी दांडी) लावा आणि काम संपेपर्यंत काढू नका. ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारे यंत्र) धातूच्या पिंजऱ्यातच ठेवा, नाहीतर शॉटच्या गोंगाटात सिग्नल हरवतो. मऊ (कमी भेदक) किरणांबरोबर कठीण (जास्त भेदक) क्ष-किरणही निघतात. त्यामुळे शिल्डिंग हवेच, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीची चौकशी यंत्र येण्याआधी करा.

दरपत्रक मागताना नमुना कशाचा, किती जाड आणि घटना किती नॅनोसेकंदांची, एवढे कळवा. तारेचा धातू आणि फिल्टर त्यावरूनच ठरतात.