लाव्याच्या खाद्यातली कात्री

मांसासाठी पाळलेल्या लाव्यांच्या खाद्यात एन्झाइम घालतात असं सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, म्हणजे हार्मोनच ना? पक्षी फुगवायचं औषध? हे इतक्या वेळा ऐकलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. हार्मोन नाही आणि अँटिबायोटिक पण नाही. लाळेतलं अमायलेज शाळेत शिकलो होतो ना, त्याच जातीचं हे फायटेज नावाचं एक प्रोटीन, पोटातल्या दाण्यावर काम करतं आणि शेवटी बाकीच्या प्रोटीनसारखं स्वतःच पचून जातं.

जपानी लावा, ज्याला बरेच जण बटेर किंवा क्वेल म्हणतात, अंड्यातून १७-१८ दिवसांत बाहेर येतो तेव्हा ७ ते १० ग्रॅमचा असतो आणि मांसाच्या जातीचा असेल तर पाच-सहा आठवड्यांत २०० ग्रॅमच्या वर जातो. एवढ्या दिवसांत अख्खा सांगाडा उभा करायचा म्हणजे फॉस्फरस लागणारच. मका, सोयापेंड, कोंडा यात तो भरपूर आहे, पण त्यातला साधारण दोन तृतीयांश फायटेट नावाच्या रेणूत अडकलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! खाद्यात फॉस्फरस असून आपण वरून डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट घालतो, आणि अडकलेला फॉस्फरस विष्ठेतून बाहेर पडून पावसाबरोबर तळ्यात जातो, तिथे शेवाळ माजतं.

हा फायटेट मला फार आवडतो. सहा कार्बनचं एक कडं आणि प्रत्येक कार्बनला एकेक फॉस्फेट. बी हा साठा रुजण्यासाठी ठेवतं आणि रुजताना स्वतःचं फायटेज वापरून फोडतं. पक्ष्याच्या आतड्यात फायटेज फारच कमी. शिवाय या सहा फॉस्फेटांवर ऋण प्रभार असतो त्यामुळे कॅल्शियम, झिंक, लोह सगळं ते धरून बसतं, आम्लात तर प्रोटीनला पण चिकटतं. फायटेज ही कात्री, पाण्याचा रेणू वापरून एकेक फॉस्फेट कापते. सहाचे चार झाले तरी खनिजांवरची पकड बरीच सुटते, म्हणून पहिले दोन घाव फार मोलाचे. १९०७ साली तांदळाच्या कोंड्यात हे एन्झाइम सापडलं, खाद्यासाठी बाजारात यायला १९९१ उजाडलं.

पण कात्रीला वेळ मिळतो किती? दाणा आधी क्रॉपमध्ये म्हणजे गळ्याखालच्या पिशवीत थांबतो, मग आम्लाच्या जठरातून गिझार्डमध्ये, म्हणजे दळणाऱ्या स्नायूंच्या पोटात दळला जातो, आणि पुढे लहान आतड्यात पीएच ६ च्या वर गेला की फायटेट कॅल्शियमबरोबर साका होऊन बसतो, तिथे एन्झाइम पोचत नाही. म्हणजे कापायचं ते त्याआधीच. म्हणून आम्लात टिकणारं, जठरात प्रोटीन पचवणाऱ्या पेप्सिनला दाद न देणारं फायटेज चांगलं, ई. कोलाय जीवाणूचं तसं असतं. आणि म्हणूनच खाद्यात चुनखडी जास्त झाली की घात होतो, आम्लही मारलं जातं आणि साकाही लवकर होतो.

गहू-बार्ली जास्त असेल तर झायलनेज, ग्लुकनेज ही दुसरी एन्झाइमं लागतात, कारण त्यांच्या तंतूंनी आतड्यात चिकट लगदा होतो. मका-सोयाच्या खाद्यात तेवढा फरक दिसत नाही.

"आमचं घाला, वजन दुप्पट" अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. एन्झाइम नवीन काही आणत नाही, आहे ते सोडवतं. फॉस्फरस आधीच पुरेसा असलेल्या खाद्यात फायटेज वरून टाकलं तर पक्ष्यात फार काही बदल दिसणार नाही. फायदा हवा तर डीसीपी हिशोबाने कमी करायला हवं.

खाद्याच्या दाबून गोळ्या, म्हणजे पेलेट करताना वाफेने खाद्य ८०-९० अंशांपर्यंत तापतं, त्यात साधं एन्झाइम बिघडतं, अंडं उकडल्यावर पांढरं घट्ट होतं तसंच. म्हणून लेप दिलेलं घेतात किंवा पेलेट गार झाल्यावर फवारतात. मॅशमध्ये, म्हणजे नुसत्या भरडलेल्या खाद्यात, हा प्रश्न नाही, तिथे मिसळण्याचा आहे. १ ग्रॅममध्ये ५,००० युनिट (एन्झाइमची ताकद मोजायचं माप) असलेली पावडर असेल आणि किलोला ५०० युनिट द्यायचे असतील तर अख्ख्या टनाला लागते फक्त १०० ग्रॅम. ती आधी किलोभर भरड्यात, मग दहा किलोत, मग सगळ्यात अशी मिसळायची, कारण लावा दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅमच खातो आणि तेवढ्या घासांत त्याच्या वाट्याचं एन्झाइम यायला हवं.